वक्रसेन घरी गेल्यावर

इंझोरीत जाऊन पुंजाजीचं घर कोणतं म्हणून विचाराल, तर समोरचा माणूस घडीभर डोकं खाजवत उभा राहील. वक्र्याचं घर विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा दारात नेऊन सोडेल आणि जाता जाता खिदळेल. कारण काय, तर पुंजाजी ऐन जवानीत गावच्या नाटकात प्रधान वक्रसेन झाला होता. एकदा नाही, दरसाल. दिवाळी झाली की शाळेच्या पटांगणात बांबूचे तट्टे बांधून 'राजा शिलाधर' व्हायचं, कामरगावाहून जीपा भरभरून लोक यायचे. मग घरोघरी टीव्ही आला आणि नाटक मेलं. नाटक मेलं, पण वक्र्या काही मेला नाही. गावाची तऱ्हाच अशी. चांगलं नाव द्यायला सात पिढ्या लावील, वाईट नाव एका रात्रीत चिकटवील आणि वरून हसेल.

नाटक जुनंच, एके काळी फार गाजलेलं. म्हातारा राजा शिलाधर न्यायासाठी नावाजलेला. त्याचा एकुलता एक मुलगा निरंजन. प्रधान वक्रसेन भर दरबारात खोटी शपथ घेतो की राजपुत्र शत्रूला मिळाला आहे. राजा आपल्या न्यायाच्या तोऱ्यात पोटच्या पोराला विषाचा प्याला देतो, आणि पोरगं तो पिऊन बसल्यावर खरं काय ते उघडं होतं. एवढीच गोष्ट. पण ती पाहून बाया पदर भिजवायच्या आणि पुढचे आठ दिवस पुंजाजीच्या नावानं कडाकडा बोटं मोडायच्या.

राजा व्हायचा धनराज. मोठा शेतकरी, आवाज असा की पडद्यामागचे कंदील हलावे. त्याला या राजेपणाचं भलतंच फळ मिळालं. गावात कोणाचा तंटा झाला की लोक म्हणू लागले, चला धनराजभाऊकडे, तो न्याय करील. राजपुत्र व्हायचा इस्माईल टेलर, तेव्हाचा गोरागोमटा. नाटक झालं की महिनाभर त्याच्या दुकानात पोलक्यांचा ढीग पडायचा. सगळ्यांचं चांदणं झालं, काळोख तेवढा पुंजाजीच्या वाट्याला आला.

आता शिव्यांचं त्याला फार काही वाटायचं नाही. वाटलं ते एकदाच, आणि ते आजवर वाटतंय. गावातल्या भाऊसिंगाच्या शेजाऱ्यानं बांध कोरून कोरून नांगराची चार तासं आपल्या वावराकडे ओढली होती. पुंजाजीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तो आपणहून चावडीवर गेला, देवाशपथ खरं ते बोलला. धनराज मांडी ठोकून हसला, "वक्रसेनाची साक्ष कोण मानते बे!" सारी चावडी हसली. भाऊसिंगाचं तेवढं वावर गेलं ते गेलंच. त्या दिवसापासून पुंजाजीनं चावडीची पायरी चढायची नाही असा कानाला खडा लावला. गावात कोणी काही विचारलं की तो म्हणे, "मले काय विचारता? माह्यं बोलणं खोटं असते." हसत म्हणे, पण घरी येऊन जेवत नसे.

अशात त्याची नात निकिता कारंज्याच्या कॉलेजातून घरी आली ती एक काम घेऊनच. पोरगी मराठीत एम.ए. करते. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की एक शोकांतिका निवडा, तिचा आशय काय, कोणतं पात्र असं का वागतं, ते स्वतःच्या डोक्यानं शोधून वर्गापुढे मांडा. गाईडमधून उतरवलेलं चालणार नाही.

"आबा, मी तुमचं नाटक घेतलं," निकिता म्हणाली.

पुंजाजी तुरीच्या शेंगा सोलत होता, त्याचे हात थांबले. "शिलाधर? कॉलेजात?"

"हो. कोण दोषी आहे ते मले शोधायचं आहे."

म्हातारा मोठ्यानं श्वास घेऊन उठला, नीट उभा राहिला आणि म्हणाला, "मंग आयक. दुसऱ्या अंकात मी एकटा असतो स्टेजवर. मी म्हणतो, 'हे रात्री, तूच साक्षी राहा. माझ्या बाळाच्या मानेवर शत्रूची तलवार आहे. आता या जिभेने सत्य बोलू तरी कसे?' आयकलं? पोरगं धरून नेलं त्याचं! पोरासाठी खोटं बोलला तो. हे कोणालेच माईत नाही. मी पाय टाकला का शिट्ट्या सुरू. एका वर्षी तं खेटर आलं. ज्याचं जळते त्याले कळते, बाई. तू लिव्ह का वक्रसेन निर्दोष होता. कॉलेजात वाचून दाखव. मंग गावाले दाखवू."

निकितानं आजोबाच्या तोंडाकडे पाहिलं. सत्तरी ओलांडलेला माणूस परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा उभा होता. तिचं काळीज पाघळलं. "सोडवते तुमाले, आबा," ती म्हणून गेली.

म्हणायला काय जातं! पण नाटकाचं पुस्तक कुठेच मिळेना. कारंजा झालं, वाशीम झालं, कोणाकडेच नाही. पुस्तक होतं ते एकट्या तालीम-मास्तरांकडे, आणि मास्तर जाऊन किती वर्षं झाली. बरं, मग नट मंडळींना सगळं नाटक पाठ असेल, असं तुम्हाला वाटेल. तिथंच तर गंमत आहे. मास्तरांची शिकवायची रीत जगावेगळी होती. ते एकेकाला आत बोलावत, त्याचं तेवढं बोलणं वाचून वाचून पाठ करून घेत, बाकीच्यांना बाहेर विड्या ओढत बसवत. दुसऱ्याचं पाठ झालं की माणूस आपलं विसरते, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं समोरासमोर बोलणं असलं तर दोघांना जोडीनं बसवत. ज्याचा प्रवेश नाही त्यानं पडद्यामागे रंग लावायचा, दिवा धरायचा नाहीतर झोपायचं. त्यामुळे इंझोरीच्या पाच-सात माणसांनी जन्मभर एक नाटक केलं आणि अख्खं नाटक एकालाही माहीत नव्हतं.

निकिता काही हटली नाही. एका रविवारी सकाळी तिनं उरलेल्या नटांना अंगणात जमवलं. प्रत्येकानं आपलं आपलं बोलायचं, तिनं मोबाईलवर भरून घ्यायचं आणि मग सारं एकापुढे एक जोडायचं. धनराज आला, काठी टेकत पण छाती काढून. इस्माईल आला, दम्यानं खोकत. भाऊसिंग आला, तो नाटकात द्वारपाल असायचा. राणी व्हायचा गुलाबसिंग, तो देवाघरी गेलेला. प्रयागबाई, पुंजाजीची बायको, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "राणीचं मी बोलते. बायांच्या बाजूनं पयल्या रांगेत बसत होती मी. मले सारं येते."

"तुले येते?" पुंजाजी चकित झाला. "कधी बोल्ली नाही!"

"तुमी घरात नाटकाचं नाव काढू देत होते का?" ती म्हणाली आणि कप वाटू लागली.

सुरुवात व्हायच्या आधीच भांडण जुंपलं. निकितानं नुसतं विचारलं, की हे नाटक कोणाचं आहे? धनराज म्हणाला, विचारायचं काय त्यात, नावातच राजा आहे. इस्माईल म्हणाला, "मरतो मी, धनराजभाऊ, मंग नाटक तुमचं कसं?" भाऊसिंग मधेच म्हणाला, "दरवाजा मी उघडतो. मी नाही उघडला तं तुमी सारे आत येसान कसे?" यावर इतका हशा झाला की इस्माईलला ठसका लागला आणि प्रयागबाईनं त्याला पाणी दिलं.

पण एकदा बोलणं सुरू झालं आणि हसू आपोआप मावळलं. नाटकाची बोली गावच्या बोलीहून वेगळी, भारी. त्या बोलीनं म्हाताऱ्यांच्या पाठी सरळ केल्या. दुसरा अंक आला. पुंजाजी उठला, अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि आपलं ते बोलला. रात्रीला साक्षी ठेवून, पोराच्या मानेवरची तलवार, सत्य बोलू तरी कसे, सगळं. कोणी शिटी मारली नाही. बोलून झाल्यावर भाऊसिंगनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाप्पा रे," तो म्हणाला, "हे होतं का यात? मी तं पडद्यामांगं नाटक करणारांच्या चपला राखत बसो."

पुंजाजीनं निकिताकडे असं पाहिलं की बघ, झालं की नाही! पोरीनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी उजेड पडला होता.

मग दरबार झाला, खोटी शपथ झाली. तिसऱ्या अंकात राणी द्वारपालाला विचारते तो लहानसा प्रवेश. प्रयागबाईनं चहाचं पातेलं बाजूला सारून विचारलं, "द्वारपाला, राजवाड्याबाहेर काय वार्ता?" भाऊसिंग ताडकन उभा राहिला. याच वाक्यासाठी तो सकाळपासून घसा खाकरत होता. "शुभवार्ता, महाराणी! प्रधानजींचा पुत्र शत्रूच्या तावडीतून सुखरूप परतला. मी स्वतः प्रधानजींना निरोप दिला. त्यांनी पुत्राला पोटाशी धरले."

बोलून तो खाली बसला. निकिताचा हात मोबाईलवरच थांबला.

"पुढं काय आहे?" तिनं हळूच विचारलं.

"पुढं मी प्रधानाले एकांतात बोलावतो," धनराज म्हणाला, आणि राजाचा आवाज काढला. "प्रधानजी, माझे मन अजून डळमळते. शेवटचे विचारतो. तुमची शपथ सत्य आहे ना?"

पुंजाजीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "महाराज, सूर्य पश्चिमेला उगवेल, पण माझा शब्द ढळणार नाही."

पुंजाजी आपल्याच वाक्याकडे पाहत राहिला. मग त्यानं भाऊसिंगाला विचारलं, "पोरगं सुटून आलतं?"

"आलतं न."

"मले माईत होतं? म्हणजे त्याले? वक्रसेनाले?"

"मीच सांगतलं म्हणतो न बाप्पा! त्यानं पोटाशी धरलं पोराले."

दरसाल तो प्रवेश चालू असताना पुंजाजी पडद्यामागे गालाची लाली पुसून काजळ गडद करत बसलेला असे. त्याला वाटायचं, पोरगं अजून तलवारीखालीच आहे. म्हणून तो शेवटची शपथ घेताना रडवेला होई, आवाज कापवी, आणि मनात म्हणे, हसा लेकहो, तुम्हाला काय ठाऊक बापाचं काळीज. आणि खरं काय तर पोरगं घरी झोपलेलं, आणि हा गडी आपली मान वाचवायला दुसऱ्याच्या पोराला मारत होता. राजानं दार उघडून दिलं होतं. तो बाहेर आला नाही.

"आबा," निकिता म्हणाली, "पयली शपथ पोरासाठीच होती..."

"अन् दुसरी?" पुंजाजी म्हणाला. "राहू दे. नको समजावू." तो उठला. गुडघे दाबले, खांद्यावरचं उपरणं झटकलं. "चौथ्या अंकात माह्यं काम नाही. मास्तर मले शाळेमांगच्या बोळीतून घरी धाडत होते, लोकं ढेकळं मारत म्हणून. तुमी करा पुढचं. मी आत पडतो."

"बसा," प्रयागबाई म्हणाली. "कोठी चालले? पुढचं तं तुमच्याचसाठी आहे."

"माह्यासाठी काय आहे?"

आता सगळे एकमेकांकडे बघू लागले. इस्माईलनं तोंडावरचा रुमाल काढला. "पुंजाजीभाऊ, मजाक करता काय? मरताना मी काय बोलतो ते तुमाले माईत नाही?"

"तू मरतो येवढं माईत आहे. मी तवा घरी गोधडीत राहो."

"या अल्ला," इस्माईल म्हणाला.

त्याला उभं राहवेना म्हणून तो खाटेवरच मागं रेलला. राजपुत्र निरंजन तेव्हाही राजाच्या मांडीवर डोकं ठेवूनच बोलायचा. दम्यानं त्याचा आवाज तुटत होता, पण एक शब्द चुकला नाही. "तात, प्रधानजींना दंड करू नका. आधी ते पुत्रासाठी भ्याले, मग स्वतःसाठी भ्याले. भ्यालेल्या माणसाला मारून तुमचा न्याय मोठा होणार नाही. त्यांना घरी जाऊ द्या. त्यांचे लेकरू वाट पाहत असेल."

पुंजाजी उभाच होता.

"पुन्हा बोल," तो म्हणाला. इस्माईल पुन्हा बोलला.

"म्हणजे त्याले माईत होतं," पुंजाजी म्हणाला. "तलवारीचं. अन् दुसऱ्या खेपेचंही. ज्याले मी मारलं त्यालेच माईत होतं." मग त्याचा आवाज एकदम चढला. "अन् तुमाले? सारं गाव बसून राहे समोर! दरसाल कानानं आयकलं तुमी, का याले सोडा, घरी जाऊ द्या. अन् सकाऊन उठून मलेच वक्र्या म्हणत होते! माह्या वर्षाराणीचं लग्न जमवाले बसलो तं व्याही म्हणे, वक्र्याची पोरगी का! कोणाच्याच ध्यानात राह्यलं नाही? एकाच्याही?"

"आमी तं तवा रडत होतो बापा," भाऊसिंग खाली मान घालून म्हणाला. "रडण्यात कोण आयकते."

"मी आयकत होती," प्रयागबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "दरसाल आयको, अन् वाटे, आता घरी जाऊन यायले सांगावं. घरी येओ तं तुमी भिताडाकडे तोंड करून. मले वाटे, नाटक तुमचं, तुमाले माईतच असंल. माईत असून मानत नसान."

पुंजाजी खाली बसला. खाटेवर नाही, जमिनीवरच, इस्माईलच्या पायाशी. तो रडला. लहान पोरासारखा नाही, मोठ्या माणसाला जसं रडता येत नाही तसा, तोंड वाकडं करून. प्रयागबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली. इस्माईलनं खाली वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

बऱ्याच वेळानं निकितानं विचारलं, "आबा, मंग काय लिव्हू? तुमी म्हणसान तसं लिव्हते. निर्दोष लिव्हू?"

पुंजाजीनं उपरण्यानं नाक पुसलं. पोरगी आपल्यासाठी खोटं बोलायला तयार आहे, हे त्याला दिसत होतं, आणि ते त्याला नको होतं. "ना. गुन्हा त्याचाच लिव्ह. दुसरी शपथ माह्याच तोंडची आहे, मले माईत नव्हतं तं काय झालं, त्याले माईत होतं. तो भेकड होता असं लिव्ह. पण मेलेल्या पोरानं त्याले माफ केलं, तेही लिव्ह. दोन्ही लिव्ह. एक लिव्हशीन अन् एक सोडशीन तं तूही या गावासारखीच."

निकितानं मान हलवली. मोबाईल बंद करायला हात नेला, तर म्हातारा म्हणाला, "थांब. नाटक संपलं का?"

"राजाचं शेवटचं राह्यलं," प्रयागबाई म्हणाली.

सगळ्यांनी धनराजकडे पाहिलं. राजाचं हे शेवटचं बोलणं म्हणजे त्याची शान. त्यावर पटांगण उठून उभं राहायचं, पोरं रस्त्यानं ते म्हणत घरी जायची. तो काठीला धरून उठला, मान वर केली, हात पसरला. "प्रजाजनहो, मी न्याय केला नाही. ज्याची वाणी मला गोड वाटली त्याचे ऐकले, आणि ज्याचे..."

तिथं तो थांबला. शेवटपर्यंत पाठ असलेलं वाक्य. पुंजाजी जमिनीवर बसून, लाल डोळ्यांनी, पहिल्यांदाच ते ऐकत होता. बाजूला भाऊसिंग टोपी मांडीवर घेऊन बसला होता. धनराजनं दोनदा तोंड उघडलं.

"विसरले काय धनराजभाऊ?" इस्माईलनं विचारलं.

"विसरलो नाही," धनराज म्हणाला. त्याचा हात खाली आला, आवाजही खाली आला, घरात बोलतात तेवढा झाला. "पुंजाजी, बांधाचं तू खरं बोल्ला होता. मले तवाच समजलं होतं. लोकं हासून राह्यले होते म्हणून मीही हासलो."

पुंजाजी त्याच्याकडे पाहत राहिला. भाऊसिंगही पाहत राहिला. मग पुंजाजीनं हातानं जमिनीवरची धूळ झाडून आपल्या शेजारी जागा केली.

"ते तू उद्या चावडीवर बोल," तो म्हणाला, "भाऊसिंगाच्या समोर, साऱ्या गावासमोर. आता राजाचं बोल. अर्धं सोडू नको. मले शेवटलोक आयकायचं आहे."